डोळ्यांखालच्या दोन पिशव्या

बेंबळीच्या स्टँडवर एसटीतून उतरलेल्या माणसाला कपाळ, नाक, हनुवटी वगैरे असतात हे बप्पांना मान्य नाही. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे डोळ्यांच्या खालची दोन बोटं जागा. रामराम घालायच्या आधी ते ती जागा बघतात. मान जराशी तिरपी करतात, चष्मा कपाळावर चढवतात, आणि समोर धाराशिवच्या कोर्टातून पुढची तारीख घेऊन आलेला माणूस असो की लेकीच्या सासरहून परतलेली बाई असो, पहिला प्रश्न ठरलेला.

"कवापसून हाय हे?"

"काय, बप्पा?"

"हे काळं. डोळ्याखालचं. आन सूजबी हाय. उजव्या अंगाला जरा जास्तीच. उजव्या कुशीवर निजता जणू?"

माणूस खरंच उजव्या कुशीवर निजत असतो, आणि इथंच तो सापडतो. रात्री आडवं झाल्यावर अंगातलं पाणी डोळ्यांभोवतीच्या सैल जागेत उतरतं आणि जी बाजू उशीला टेकलेली तिकडं अंमळ जास्त साचतं. रात्री लोणचं, पापड, खारे शेंगदाणे झाले असतील तर आणखी. बप्पांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही. झोपेतून उठून गाडीत बसलेल्या हजारो माणसांची तोंडं पहाटे त्यांनी जवळून पाहिली आहेत.

कावीळ उतरवणारा एक, मुतखड्याचा पाला देणारा एक, मोडलेलं हाड बसवणारा एक, एवढी माणसं आपल्याकडं बहुतेक गावांत निघतात. बेंबळी मोठं गाव, पोलीस ठाणं असलेलं. तेव्हा आमच्याकडं डोळ्यांखालच्या जागेसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि त्याचे प्रमुख, लेखनिक आणि शिपाई बप्पाच आहेत.

बप्पा एसटीचे निवृत्त कंडक्टर. सुट्ट्या पैशांची टंचाई एसटीइतकीच जुनी असावी, म्हणजे १९४८ सालापासूनची. बाकीचे कंडक्टर तिकिटाच्या पाठीमागं राहिलेले पैसे लिहून देत. बप्पा उपाय लिहून देत. "रुपया ऱ्हायला तुमचा. उतरताना घ्या. तवर हे घ्या," म्हणून तिकिटावर बारीक अक्षरात: कच्चा बटाटा, किसून, फडक्यात, वीस मिनिटं. उतरताना पैसे मागायचं भान बऱ्याच जणांना राहत नसे. राहिलंच तर बप्पा रुपया देत आणि उपाय परत मागत नसत. त्यांचा व्यवहार चोख होता.

उपायही त्यांना गाडीतच मिळाले. लातूरच्या बाईनं बटाटा सांगितला, उमरग्याच्या मास्तरांनी कोरफडीचा गर, सोलापूरला उतरणाऱ्या एका अत्तरवाल्यानं गुलाबपाणी, आणि औशाच्या एका पैलवानानं झोपताना बदामाच्या तेलाचा एक थेंब. तो थेंब चोळायचा नाही, करंगळीनं नुसता टेकवायचा. बप्पांच्या डोक्यात ही यादी अजून थांब्यांच्या क्रमानंच आहे. मधला एखादा उपाय आठवत नसला की ते डोळे मिटून धाराशिवहून निघतात, एकेक थांबा घेत येतात, आणि मग एकदम म्हणतात, "हां, समुद्रवाणी! गार दूध आन कापूस!"

आणि कंडक्टरकी म्हणजे नुसतं तिकीट फाडणं नव्हे. मुक्कामी गाडी हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रात्री उशिरा गाडी शेवटच्या गावाला पोचते, तिथंच थांबते आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला परत निघते. मधल्या वेळात ड्रायव्हर-कंडक्टरनं झोपायचं. कुठं? गाडीतल्या बाकड्यावर, मारुतीच्या देवळात, कोणी बरा माणूस भेटला तर त्याच्या ओसरीवर. बाकड्याची लांबी माणसाला बसता यावं अशा बेतानं ठरवलेली असते. बप्पा अंगानं सहा फूट. गुडघे पोटाशी घेऊन, उशाला तिकिटाची पेटी आणि पोटाखाली पैशाची पिशवी, अशी त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीच्या दिवशी खांद्यावरची पिशवी त्यांनी डेपोत जमा केली. डोळ्यांखालच्या दोन मात्र घरी आणल्या.

हो, हे सांगायचं राहिलंच. अख्ख्या बेंबळीत सगळ्यात सुजलेले आणि सगळ्यात काळवंडलेले डोळे बप्पांचेच आहेत.

एखाद्या धीट माणसानं हे तोंडावर बोलून दाखवलं तर ते रागावत नाहीत. "मी उपाय करतो मनून एवढंच हाय. न्हाई तर बघायला नको हुतं," म्हणतात. यापुढं वाद संपतो. उपाय केला नसता तर काय झालं असतं हे दाखवायला दुसरे बप्पा कुठून आणणार?

निवृत्तीनंतर नातवानं मोबाइल दिला आणि थांब्यांची मर्यादा संपली. आता उपाय दिल्लीहून येतात, कोरियाहून येतात, आणि येतात रात्रीच. बप्पा साडेदहाला अंथरुणावर पडतात आणि मोबाइल तोंडापुढं धरतात. डोळ्यांची सूज कशी घालवावी याचा एक व्हिडिओ संपतो, त्याखाली दुसरा उभाच असतो. काळी वर्तुळं घालवण्याच्या सात युक्त्या बघता बघता दीड वाजतो. सातवी युक्ती बहुतेक वेळा "भरपूर झोप घ्या" ही असते, पण सहावीपर्यंत आल्यावर बप्पा पुढच्या व्हिडिओवर जातात. शेवटचा थांबा त्यांनी आयुष्यात कधी महत्त्वाचा मानला नाही. तिथं उतरणारं कोणी उरलेलं नसतं.

आलेला प्रत्येक उपाय बेंबळीला लागू करून घ्यावा लागतो. चहाच्या थैल्या भिजवून, गार करून डोळ्यांवर ठेवा, असं मोबाइल म्हणाला. उपाय अगदीच बिनबुडाचा नाही. चहातल्या कॅफिननं कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या थोड्या वेळापुरत्या आकसतात आणि गारव्यानं सूज जराशी उतरते. पण आमच्याकडं चहा सुटा मिळतो, पाव किलोच्या पुड्यात. बप्पांनी जुन्या धोतराचं फडकं फाडलं, गाळणीतला चोथा त्यात बांधून दोन पुरचुंड्या केल्या आणि पडले ओसरीवर. पुरचुंड्या गळक्या होत्या. संध्याकाळी पाराकडं आले तेव्हा वर्तुळांचा रंग काळ्याचा तपकिरी झाला होता आणि गालांवर दोन ओघळ वाळलेले होते.

"फरक पडला का न्हाई?" बप्पांनी विचारलं.

पडला होता. कोणालाच नाही म्हणता येईना.

मग चमचे आले. स्टीलचे दोन चमचे फ्रिजमध्ये ठेवायचे आणि पाठीमागची बाजू डोळ्यांवर टेकवायची. पण आमच्याकडची लाईट फ्रिजच्या वेळापत्रकाप्रमाणं येत नाही. बप्पांनी चमचे दोरा बांधून माठात सोडले. घरी पाहुणे आलेले, काकींनी पाण्याचा तांब्या भरला, आणि तांब्यातून आधी चमचा आला. काकी म्हणजे बप्पांच्या मंडळी. बाई शांत आहेत. त्यांनी पाहुण्यांना "साखर हलवायला हाय," एवढंच सांगितलं आणि पुढचं पाणी हापशाचं दिलं.

काकींचा आणि बप्पांच्या विद्येचा खरा झगडा मात्र बटाट्यावरून. बटाट्याच्या कापांनी काळेपणा जातो याला भक्कम पुरावा नाही. जो काही आराम वाटतो तो ओलाव्याचा आणि गारव्याचा. काकींना पुराव्याशी देणंघेणं नाही. आठवडी बाजारातून आणलेला दोन किलो बटाटा गुरुवारपर्यंत पुरला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा आहे. "डोळ्यावर ठिवून काळा पडलेला बटाटा फेकून देताव. त्याची भाजी तरी झाली आस्ती," त्या म्हणतात. एकदा बप्पांनी उदारपणे सांगितलं, "धुऊन घाल की भाजीत. कोन बगायलंय?" त्या दिवसापासून त्यांच्या घरची बटाट्याची भाजी गल्लीत कोणी मागून घेत नाही.

बप्पांचा एक नियम मात्र मला पटतो. ते डोळ्याच्या आत काही घालू देत नाहीत. आमच्या भागात डोळे आले की मध, कांद्याचा रस, कोणाकोणाचं काजळ, नाही नाही ते डोळ्यांत घालणारे महाभाग आहेत. बप्पा तिथं कडक होतात. "आपलं काम भाईरचं. आतलं खातं सरकारी दवाखान्याचं," म्हणून सांगतात. बाजारातल्या कुठल्याशा सुरम्यात शिसं असतं हे कळल्यावर त्यांनी एका आजीबाईच्या हातातली डबी काढून घेतली होती आणि आजीबाईंनी आठ दिवस त्यांना शिव्या दिल्या होत्या.

त्यांची एकच मोठी फजिती गावाला ठाऊक आहे. लग्न चार दिवसांवर आलेल्या एका पोरीच्या डोळ्यांखाली त्यांनी लिंबाचा रस लावायला सांगितला. लिंबाचं आम्ल, तिथली कातडी शरीरात सगळ्यात पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. काळेपणा होता तिथं लाल चट्टे उठले. हळदीच्या दिवशी नवरीचे डोळे हळदीआधीच रंगलेले. शेवटी फोटोग्राफरनं कॉम्प्युटरवर सगळं पुसून, गुळगुळीत करून दिलं. अल्बम बघून बप्पा कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ह्येनं कोणतं तेल वापरलं?" लिंबू मात्र त्यांनी यादीतून काढलं. "लिंबाचं परमिट रद्द," हे त्यांचे शब्द.

या प्रकरणानंतर एका सरकारी डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवून सगळं समजावून सांगितलं. काळी वर्तुळं एका कारणानं येत नाहीत. कोणाच्या कातडीतच रंग जास्त असतो. कोणाची कातडी इतकी पातळ की खालच्या शिरांचा निळसरपणा वर दिसतो. कोणी धुळीच्या ॲलर्जीनं डोळे चोळून चोळून काळे करून घेतो. वय वाढलं की डोळ्यांखालची चरबी पुढं येते आणि तिची सावली पडते. आणि पुष्कळदा ते घराण्यातूनच आलेलं असतं.

"मंजी बापाकडून आलेलं आसंल तर?" बप्पांनी विचारलं.

"तर बटाट्यानं जाणार नाही."

बप्पांनी विचार केला. "मंग बापालाच लावायला पायजे हुता."

डॉक्टरांनी हात टेकले. पण जाता जाता एक गोष्ट त्यांनी निक्षून सांगितली आणि ती बप्पांनी गाठीला बांधली. सकाळची सूज दुपारपर्यंत उतरत नसेल, पायांवरही येत असेल, लघवीला फेस येत असेल, किंवा अंग जड, थंडी सोसवत नाही आणि तोंड सुजलेलं, तर ते मूत्रपिंडाचं किंवा थायरॉइडचं असू शकतं, तपासणीला पाठवायचं. तेव्हापासून असा माणूस आला की बप्पा उपाय देत नाहीत. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "ही आपल्या रूटची गाडी न्हाई. तुमी दवाखान्याची धरा." गावातल्या कितीतरी शिकलेल्या माणसांना एवढं कळत नाही.

काकडीच्या बाबतीत त्यांना देशाभिमान आहे. काकडी शहरातल्या लोकांना, आपल्याला वाळूक. ज्वारीच्या रानात येणारं, पिवळं पडत चाललेलं वाळूक कापून डोळ्यांवर ठेवलं की कसला शीण आणि कसलं काय. पाराजवळ एका तरण्या शेतकऱ्याला ते हे पटवून देत होते. त्या पोराचे डोळे लाल, खाली ही पोटली. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, आणि तो आठवडा रात्रीचा होता. रात्री दहाला मोटार चालू करायची, पहाटेपर्यंत हातात बॅटरी घेऊन दारं मोडत चिखलात उभं राहायचं, एक कान रानडुकराकडं, पायाखाली नजर सापासाठी.

"वाळूक लाव," बप्पा म्हणाले. "वीस मिनिटं."

"लावतो की बप्पा. वाळूक आपल्याच रानात हाय," पोरगं म्हणालं. "पर त्याला पाणी द्यायलाच रातच्याला उठावं लागतंय."

बप्पांना उत्तर सुचलं नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. अलीकडं काही रानांत सोलर पंप बसले. ऊन असेल तेव्हा पाणी, रात्री झोप. तसल्या एका शेतकऱ्याचे डोळे महिन्याभरात निवळले. बप्पांनी त्याला कोरफड दिलेली होती म्हणून श्रेय कोणाचं हा वाद अजून मिटलेला नाही, पण सोलरची पाटी मोठी असल्यामुळं लोक तिकडं झुकतात.

बप्पांना स्वतःला झोप का येत नाही, याची त्यांची कारणं दर आठवड्याला बदलतात. कुत्री, डास, शेजारच्याचा टीव्ही, मंगळ. एकच कारण कधी बदलत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते मुक्कामी गाडीत होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, दमून गावंच्या गावं गाढ झोपलेली. जे झोपेत होते तेच जास्त गेले. त्यानंतर आमच्या सगळ्याच भागात लोक कित्येक दिवस घराबाहेर, अंगणात, रानात निजत होते, आणि निजत होते म्हणजे पडून होते. रात्री भांडं पडलं तरी बप्पा अजून उठून दाराबाहेर जातात. या कारणावर मी त्यांच्याशी कधी वाद घालत नाही.

काकी घालतात. त्या नऊला निजतात, पाचला उठतात, डोळे लखलखीत. त्यांच्याकडं मोठा पुरावा आहे. तुळजापूरची आई भवानी वर्षातून तीनदा मंचकी निद्रा घेते: नवरात्राच्या आधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. सगळी मिळून एकवीस दिवसांची झोप. तिच्या गादीचा कापूस पिंजायचासुद्धा विधी असतो. श्रमनिद्रा कशासाठी, तर महिषासुराशी लढून देवी दमली म्हणून.

"देवीला शीण आला तर ती निजती," काकी म्हणतात. "तुमी कोण्या राक्षसाशी लढून आलाव? आन कापूस निजायसाठी पिंजतेत. दुधात बुचकळून डोळ्यावर ठिवायला न्हाई."

बप्पा देवीचे भक्त. ते हात जोडतात आणि मोबाइल उचलतात.

आता इतकं सगळं असताना बप्पांकडं गर्दी का असते, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं. गर्दी म्हणजे मुख्यतः बायकांची, त्यातही सुनांची. दुपारी दोनच्या सुमारास, भांडी झाल्यावर, पदर सावरत एकदोघी येतात. डोळ्यांखाली खरंच काळं असतं. पहाटे उठून पाणी, धारा, भाकरी, रान, परत येऊन भाकरी. रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर निजायचं. बप्पा उपाय सांगतात. बटाटा, दूध, कोरफड, वाळूक, काही का असेना, प्रत्येक उपायाचं शेपूट एकच: आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, वीस मिनिटं उठायचं नाही, बोलायचं नाही.

एक दिवस एका सुनेनं विचारलं, "बप्पा, ह्यो वीस मिनिटाचा झाला. आर्ध्या तासाचा न्हाई का एखांदा?"

तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं बाई भरदुपारी नुसती आडवी झाली तर ती आळशी. पुरुष पारावर पसरलेले चालतात, ते विचार करत असतात. पण डोळ्यांवर दुधाचा कापूस ठेवून पडलेली सून आळशी नसते, तिचा उपचार चाललेला असतो. सासूसुद्धा पोरांना दटावते, "गप बसा रे, आईच्या डोळ्याला आवषीद लावलंय." त्या कापसाला दारावरच्या कडीची किंमत आहे. आत कोणी यायचं नाही, हाक मारायची नाही, चहा मागायचा नाही. वीस मिनिटं बाई स्वतःची असते. डोळे निवळणार नाहीत तर काय होईल? कीर्ती मात्र दुधाची होते, आणि दुधामागून बप्पांची.

बप्पांना हे कळलेलं आहे की नाही, मला खात्रीनं सांगता येत नाही. एवढं खरं की त्या दिवसानंतर त्यांनी बायकांसाठीचे उपाय लांबवले. कोरफडीचा गर आता पाऊण तास ठेवावा लागतो. मुलतानी माती तर, त्यांच्या म्हणण्याप्रमाणं, पूर्ण वाळल्याशिवाय उठलं की उलटा परिणाम होतो, आणि पावसाळ्यात ती लवकर वाळत नाही.

एकीचं मात्र कापसानं भागलं नाही. गल्लीतलीच सून, वर्तुळं जाईनात, जिना चढताना धाप लागायची, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत पांढरी फटक. ती सरकारी दवाखान्याच्या आशाताईंनी बघितली, बप्पांनी नाही. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठ. बाईमाणसाचं ते बारा तरी असावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या निघाल्या, त्यांतली ही एक. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या, असं सांगितलं. काही महिन्यांत तोंडावर तेज आलं. बप्पांनी वाटणी मान्य केली. "गोळी पोटातून गेली, कापूस वरून. दोन्ही दारं धरली मनून सापडलं." आणि लिंबू पोटात चालतं हे कळल्यावर त्याचं परमिट, अटी घालून, पुन्हा सुरू झालं.

यंदाच्या येळवशीला आम्ही त्यांच्या रानात होतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळा गाव रानात. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, समोर भज्जी, उंडे, खीर, आणि काकींनी डोक्यावरून आणलेलं आंबिलीचं बिंदगं. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसूण-जिऱ्याची ती आंबील बप्पांनी तांब्या तांब्या घेतली. मोबाइलला त्या रानात रेंज नाही. बाभळीखाली घोंगडी टाकून ते टेकले, "वाईच पाठ टेकतो" म्हणाले, आणि जे गेले ते दिवस मावळेपर्यंत. पोरं ओरडत होती, शेजारच्या रानात कोणी स्पीकर लावलेला होता, काकींनी दोनदा भांडी आपटून बघितली. बप्पा हलले नाहीत. मुक्कामी गाडीचा सगळा हिशेब त्यांनी त्या दुपारी चुकता केला.

दुसऱ्या दिवशी पाराकडं आले तेव्हा लोक त्यांच्याकडं बघत राहिले. पिशव्या उतरल्या होत्या. काळेपणा पुरता गेला नव्हता, तो बापाकडचा असणार, पण निम्मा माणूस धुऊन निघाल्यागत वाटत होता. काकी मागून येत होत्या. त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला हसू म्हणता येणार नाही, पण त्या कोणीतरी विचारायची वाट बघत होत्या.

विचारलं. "बप्पा, काय केलं हो?"

बप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "आंबील," ते म्हणाले. "पिताना मिशीवरून उडाली आसंल डोळ्याखाली. तिचाच गुण. आता लावूनच बगतो की."

तेव्हापासून स्टँडवर बप्पा हाच उपाय कागदावर लिहून देतात आणि तिकीट समजून लोक तो कागद खिशात घालतात. बेंबळीला आलात तर बप्पांना जरूर भेटा, त्यांचं ऐका, मूत्रपिंडाचं सांगितलं तर लगेच दवाखाना गाठा. कापूस, वाळूक, गार चमचा यांनी नुकसान नाही. वीस मिनिटांचे चाळीस करा. आंबील मात्र प्यायची असते. डोळ्यांना लावू नका, चुरचुरते.